दुपारच्या वाऱ्यात फोंडा घाट ओलांडताना

तुझ्या प्रश्नातलं थोडक्यात: एप्रिल महिना, दुपारी तीनची वेळ, कोल्हापूरहून सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाकडे सेसना १७२ एस हे एका इंजिनाचं छोटं विमान, शेजारी प्रशिक्षक. दाजीपूरच्या अलीकडे माथ्यापासून जेमतेम हजार फूट वर असताना विमान बघता बघता ४०० फूट खाली आलं, पूर्ण थ्रॉटल देऊनही चढेना. फोंडा घाट ओलांडल्यावर मात्र शांत. तुला वाटतंय आपला हात चुकला. मला तसं वाटत नाही. वेळ आणि उंची चुकली.

मी सावंतवाडीचा, त्यामुळे हा वारा आधी पायी फिरताना कळला. पावसाळ्यात आंबोलीला कावळेसादच्या कड्यावर गेलास तर दरीत पडणारं पाणी वारा उलटं वर फेकताना दिसेल. लहानपणी तिथे रुमाल सोडायचो. तो खाली न जाता वर उठायचा, डोक्यावरून मागे जायचा आणि थोड्या अंतरावर गिरक्या घेत जमिनीवर आपटायचा. तू त्या रुमालाच्या जागी होतास. दुपारी कोकणातून खारं वारं चढतं, त्यात वरचा वायव्येचा वारा मिसळतो. कोकणाच्या अंगाला हवा वर उचलते, माथा ओलांडला की देशाच्या अंगाला कोसळते. कोल्हापूरकडून येणाऱ्याला ही कोसळणारी हवा माथ्याच्या आधीच गाठते. समोर डोंगर, खाली आधीच उंच जमीन. कोकणाच्या बाजूला हाच झोत आला असता तर खाली अडीच-तीन हजार फूट मोकळे असते.

हिवाळ्यात सकाळी नेमकं उलटं. पूर्वेचा वारा घाटावरून कोकणात उतरतो, तेव्हा किनाऱ्याकडून देशावर जाणारा अडकतो. एका जानेवारीत मी असाच अडकलो होतो. नाक वर, पूर्ण पॉवर, वेग ७४ नॉट्स, आणि चढ-उतार दाखवणारी सुई मिनिटाला ९०० फूट खाली दाखवत होती. गुडघ्यावरच्या पॅडचं पेन उडून छताला लागलं. मी माथ्याकडे तिरका येत होतो, म्हणून थोड्याच वळणात समुद्राकडे तोंड करता आलं. सरळ काटकोनात गेलो असतो तर पूर्ण मागे फिरावं लागलं असतं, तेही खाली जाणाऱ्या हवेत. म्हणून माथ्याला नेहमी ४५ अंशांत भिडायचं आणि किमान २,००० फूट वरून.

हवा मिनिटाला हजार फुटांनी खाली जात असेल तर आपलं इंजिन तिला पुरं पडत नाही. १७२ एसचा समुद्रसपाटीचा चढ मिनिटाला ७३० फूट, तोही थंड हवेत. कोल्हापूरची धावपट्टी साधारण २,००० फुटांवर आहे. ३५ अंश तापमानात विमानाला ती ४,९०० फुटांवर असल्यासारखी वाटते. त्यामुळे उंची राखायला नाक ओढत बसू नकोस, वेग पडतो आणि स्टॉल, म्हणजे पंखांची उचल सुटणं, जवळ येतं. नाक जागेवर धर, पंख समतल ठेव, उंची थोडी जाऊ दे आणि जिकडे जमीन उतरते तिकडे बाहेर पड. तिथेच घिरट्या घालून चढायचा प्रयत्न तर मुळीच नको.

धक्के बसत असतील तर मॅन्युव्हरिंग स्पीडच्या, म्हणजे धक्क्यांत विमानाच्या सांगाड्यावर जास्त ताण येऊ नये म्हणून ठरवलेल्या वेगाच्या, खाली ये. इथे बरेच जण फसतात: हा वेग एकच नसतो. २,५५० पौंड वजनाला १०५ नॉट्स, १,९०० पौंडांना ९०. विमान हलकं तितका तो कमी. एकट्याने उडताना, टाकी अर्धी असताना, १०५ हा आकडा डोक्यात ठेवून धक्क्यांत शिरू नकोस. पट्टा धक्के सुरू होण्याआधीच घट्ट आवळ.

निघण्यापूर्वी विमानतळाच्या मेटारवर, म्हणजे हवामानाच्या नियमित अहवालावर, थांबू नकोस, तो धावपट्टीवरचा वारा सांगतो. ८५० हेक्टोपास्कल या हवेच्या दाबाच्या पातळीवरच्या वाऱ्याचा अंदाज बघ. ती पातळी साधारण ५,००० फुटांवर असते, म्हणजे तू घाट ओलांडशील तिथलीच. तिथे २५ नॉट्सच्या वर वारा असेल तर मी छोटं विमान काढत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर घाटावर वळवाचे ढग उभे राहतात, तेव्हा सकाळी अकराच्या आत पलीकडे उतरलेलं बरं. जून ते सप्टेंबर माथा ढगातच असतो, डोळ्यांनी उडणाऱ्याने तिकडे जाऊच नये.

चिपीबद्दलही एक सांगतो, कारण पुढच्या खेपेला तुला तेच लागेल. धावपट्टी सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट पठारावर आहे. दुपारी जांभा तापतो आणि हवा वर ढकलतो, पण सड्याची कड ओलांडण्याआधी विमान थोडं दबतं. तिथे घाईने पॉवर काढू नकोस. वारा आणि त्याचे झोत यांच्या वेगातल्या फरकाचा निम्मा भाग उतरतानाच्या शेवटच्या टप्प्यातल्या वेगात मिळव. वारा १२ आणि झोत २० नॉट्सचे असतील तर ४ नॉट्स जास्त, आणि कड मागे पडेपर्यंत ते सोडू नकोस.