लांब पायांच्या त्या प्राण्याला कोळी म्हणावं का?

प्रश्न असा होता, की ठोसेघरच्या बाजूला पावसात ओल्या दगडाखाली साबुदाण्याएवढं अंग आणि केसासारखे लांबच लांब आठ पाय असलेला प्राणी दिसला, त्याला मराठीत कोळी म्हटलं तर चालेल का. मला विचाराल तर नको, आणि कारण शब्दातच आहे. कोळी म्हटलं की जाळं आलंच, भिंतीवरचा असो नाहीतर मासे धरणारा, आणि कोळिष्टक पण त्यातलाच शब्द. संस्कृतात तर ऊर्णनाभ, म्हणजे ज्याच्या बेंबीतच लोकर आहे असा, मुंडकोपनिषदात तो धागा सोडतो नि परत आत घेतो असा दृष्टांत आहे. किती बारीक बघितलंय बघा! उड्या मारून माशी धरणारे कोळी जाळं विणत नाहीत हे खरं, पण धागा त्यांच्याकडंही असतो.

आणि नेमका धागाच या तुमच्या प्राण्याकडं नाही. विष पण नाही. कोळ्याला मधे बारीक कंबर असते, डोकं-छाती एकीकडं आणि पोट एकीकडं, याचं सगळं एकजीव, एकच गोळी. डोळे बहुतेक कोळ्यांना आठ, याला दोनच, ते पण पाठीवरच्या उंचवट्यावर. कोळी भक्ष्याचा पाक करून शोषतो, हा बारीक तुकडे तोडून खातो.

घोळ होतो तो बाथरूमच्या कोपऱ्यातल्या लांब पायवाल्यामुळं, जो जाळ्यात उलटा लटकतो आणि हात लावला की गदागदा हलतो. तो मात्र खरा कोळीच, त्याची जळमटं आपण दिवाळीला काढतो.

मग नाव काय? अष्टपाद म्हटलं तर विंचू, गोचीड सगळेच आले. इंग्रजी नाव हार्वेस्टमन, ते सुगीवरून आहे कारण तिकडं तो कापणीच्या दिवसांत जास्त दिसतो, पण आपल्या साताऱ्याकडं सुगी म्हणजे ज्वारीची कणसं आणि खळं, त्याचा याच्याशी काय संबंध, हा तर ओलीतला जीव. शास्त्रीय गटाचं नाव ओपिलिओनेस, 1833 मधे सुंडेवाल या स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञानं दिलेलं, लॅटिनमधे ओपिलिओ म्हणजे मेंढपाळ, ते मला फार आवडतं पण मराठीत मेंढपाळ म्हटलं तर माणचा धनगरच डोळ्यापुढं येणार. म्हणून मी लांबटांग्या म्हणतो. शब्दकोशातला नाही, मीच वापरतोय, पण पोरांना एकदा सांगितला की लगेच कळतो. फक्त म्हणायच्या आधी कंबर आहे का ते बघा, असली तर कोळी.