सत्काराच्या यादीत मावशी आणि मामा

प्रश्न : माझा मुलगा ठाण्यातील एका अनुदानित मराठी शाळेत दहावीत आहे. 2020 च्या जूनमध्ये तो पाचवीत गेला, तेव्हा वर्ग भरत नसले तरी शाळेतली माणसे कामाला लागलेली होती, हे आम्ही पाहिले आहे. यंदाच्या निरोप समारंभात त्यांचा सत्कार करावा, असे आम्हा काही पालकांच्या मनात आहे. वर्गणी काढून नऊ शिक्षकांना शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह द्यायचे ठरत आहे. मी मावशी आणि शिपाईमामा यांनाही त्यात घ्यावे असे सुचवले, तेव्हा ‘मग यादी संपणारच नाही’ असे उत्तर मिळाले. एका पालकांचे तर म्हणणे आहे की, सगळ्यांना घरबसल्या पगार मिळत होता, मग सत्कार कशाचा? इतक्या वर्षांनी हे बरे दिसेल का, आणि करायचे तर कसे?
– एक पालक, कळवा

उत्तर : आधी पगाराचे बोलू, कारण तो मुद्दा तुमच्या बैठकीत पुन्हा निघणार. अनुदानित शाळेतील शिक्षकांचा पगार चालू होता, हे खरे आहे. (विनाअनुदानित शाळांतील अनेकांचा तो कापला गेला किंवा थांबला, हेही त्या पालकांच्या कानावर घालावे.) पण ‘घरबसल्या’ हा शब्द मात्र मला मान्य नाही. 15 सप्टेंबर 2020 पासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली, तेव्हा तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार जाणाऱ्या पथकांत अनेक ठिकाणी शिक्षकही होते, आणि लसीकरण सुरू व्हायला तेव्हा चार महिने अवकाश होता. लोकमान्यनगर किंवा वागळे इस्टेटमधल्या चाळींतून त्या दिवसांत असे फिरणे म्हणजे काय, हे ठाणेकरांना समजावून सांगायला नको.

मी त्या काळात याच शहरातील एका शाळेत मुख्याध्यापिका होते, त्यामुळे माझे मत तटस्थ नाही, हे आधीच कबूल करते. पोषण आहार शिजवून देणे बंद झाल्यावर मुलांच्या घरी कोरडा शिधा द्यायचा होता. पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम, असा हिशेब दिवसांनी गुणून प्रत्येकाची पिशवी भरायची, आणि सोबत कडधान्य. मावशींनी पहाटे येऊन मैदानात चुन्याची वर्तुळे आखली होती. सहीसाठी प्रत्येकाने आपले पेन आणावे, असे आम्ही फळ्यावर लिहिले होते, पण निम्म्या आया रिकाम्या हाताने येत, आणि मग मामा सॅनिटायझरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने एकच पेन दर वेळी पुसून पुढे करीत. दुपारपर्यंत त्या पेनावरचे कंपनीचे नाव साफ पुसले गेले होते. तांदूळ कमी पडला म्हणून दोन बायका आमच्या लिपिकांवर ओरडल्या, तेव्हा त्यांनी न चिडता तराजू त्यांच्यासमोर ठेवून पिशवी पुन्हा मोजून दाखवली.

हे लिपिक बदलापूरला राहत. लोकल 23 मार्चपासून बंद होत्या आणि 15 जूनला सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी; शाळेचा लिपिक त्यात बसत नव्हता. गावी निघालेल्या कुटुंबांना मात्र मुलांचे दाखले तातडीने हवे असत. म्हणून ते एसटीने, कधी कोणाच्या तरी टेम्पोतून, आठवड्यातून दोन-तीन दिवस येत आणि दाखले लिहून परत जात. त्यांचा फोटो कोणत्याही फलकावर लागला नाही.

शिक्षकांबद्दल तुम्ही स्वतःच पुष्कळ पाहिले असेल. घरातला एकुलता स्मार्टफोन वडिलांबरोबर कामावर जाई, त्यामुळे वह्यांचे आडवे-तिडवे, अंधारे फोटो रात्री नऊनंतर येत आणि ते वाकड्या मानेने तपासले जात. 2021 मध्ये दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि नववीचे गुण व दहावीचे अंतर्गत मूल्यमापन यांवरून निकाल तयार करायचा ठरले. 16 जुलैला तो लागला, पण त्याआधीचे आठवडे शिक्षकांनी जुनी गुणपत्रके शोधण्यात आणि आकडे जुळवण्यात कसे काढले, हे निकाल पाहणाऱ्यांना कळण्याचे कारण नव्हते.

आता सत्काराकडे वळते. शालींचा आग्रह धरू नये, असे माझे मत आहे; आम्हा शिक्षकांच्या कपाटांत त्यांची कमतरता नसते. ‘कोविड योद्धा’ हे शब्दही टाळावेत, कारण पुढाऱ्यांच्या फलकांवर ते इतके झिजले आहेत की आता ते ऐकून कोणाचेच काही आठवत नाही. त्याऐवजी प्रत्येकाने नेमके काय केले, याची दोन-तीन वाक्ये मुलांनी लिहून व्यासपीठावरून वाचावीत. त्यासाठी मुलांना आधी जाऊन विचारावे लागेल, आणि माझ्या अनुभवाने सांगते, ते विचारणेच त्या माणसांना शालीपेक्षा जास्त आवडेल. असे केले तर यादी लांबण्याची भीतीही उरत नाही, कारण एका माणसाला एक मिनिट पुरते आणि खर्च काहीच येत नाही. जमलेल्या वर्गणीतून कंत्राटावर असलेल्यांना काही रक्कम द्यायची असेल तर अवश्य द्यावी, पण पाकिटात, कार्यक्रमाच्या आधी, फोटोविना. एक खबरदारी मात्र घ्या. त्या दोन वर्षांत कोणाच्या घरातले माणूस गेले असेल, तर त्यांना व्यासपीठावर येणे नको वाटू शकते. त्यांची इच्छा मुख्याध्यापकांकरवी आधी जाणून घ्यावी.

उशिराचा बाऊ करू नये. तेव्हाच सत्कार केला असता तर खुर्च्या सहा-सहा फुटांवर मांडाव्या लागल्या असत्या आणि भाषणे मास्कमधून झाली असती.

शेवटी तुमच्या पत्राविषयी एक गोष्ट. नऊ शिक्षकांची नावे त्यात आडनावांसह आहेत (ती येथे छापलेली नाहीत). मावशी आणि मामा मात्र नुसते मावशी आणि मामा आहेत. कार्यक्रमपत्रिका छापायला देण्यापूर्वी त्यांची पूर्ण नावे मिळवा. मामांचे नाव हजेरीपटावर असेल. मावशी कंत्राटी असतील तर त्यांचे तिथे सापडणार नाही. ते मामांनाच विचारा.