मूल नेमकं कुठे अडलंय?

वाचकांचे प्रश्न : शिक्षक होताना

प्रश्न : बाई, मी प्राथमिक आणि विशेष शिक्षण अशा जोड अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी गणित अध्यापनाचा तास, दुपारी बौद्धिक अक्षमता, रात्री सराव पाठांची टाचणं. दोन्हीकडचं थोडं थोडं येतं, पण धड एकही येत नाही असं वाटतं. सरावाला तिसरीचा वर्ग मिळाला आहे. त्यातला एक मुलगा वजाबाकीत सारखा चुकतो. त्याची तीन उत्तरं उतरवून पाठवते : ५२ – २७ = ३५, ६१ – ३८ = ३७, ८४ – ५९ = ३५. मी तीनदा समजावलं, तरी तेच. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "तो विशेषमध्ये पाठवण्यासारखा आहे, त्याच्यावर वेळ घालवू नकोस." मी दोनांपैकी एकच वाट धरावी का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : नको, एकही सोडू नकोस. का ते सांगते, पण आधी ती तीन गणितं बघू. तू ती पाठवलीस म्हणून मला काही ठाम सांगता येतंय.

पहिलं गणित घे. एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून त्याने ७ मधून २ घालवले आणि ५ लिहिले. दशकात ५ मधून २ गेले, ३ उरले. झाले ३५. दुसऱ्या गणितात ८ मधून १ घालवला, तिसऱ्यात ९ मधून ४. तिन्हीकडे चूक एकच आहे. एक अंकी वजाबाक्या त्याला बिनचूक येतात. तो एकक-दशकाची घरं चुकवत नाही, आकडे उलटे लिहीत नाही. 'मोठ्यातून लहान घालवायचे' हे आपणच त्याला आधीच्या वर्गात सांगितलेलं असतं. ते वाक्य तो प्रत्येक घरात इमानाने लावतो आहे. इतका नेमाने चुकणारा मुलगा विचार करत असतो. अंदाजपंचे उत्तर लिहिणाऱ्या मुलाच्या तीन चुका तीन तऱ्हेच्या असतात.

आता त्याच्याजवळ बसलीस की कागद बाजूला ठेव. काड्या घे, दहा-दहाचे गठ्ठे बांध, थोड्या सुट्या राहू देत. वजाबाकी लगेच देऊ नकोस. नुसते ५२ लिही, त्यातल्या पाचावर बोट ठेव आणि म्हण, "एवढ्या काड्या दाखव." त्याने पाच गठ्ठे उचलले, तर स्थानिक किंमत त्याला कळली आहे, फक्त दशक सुटं करायचं राहिलं आहे. मग पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यासमोर ठेव, "मला यातल्या सात सुट्या काड्या दे" एवढंच म्हण आणि थांब. दोनच सुट्या आहेत हे पाहून तो आपण होऊन गठ्ठा सोडेल. पण त्याने पाच सुट्या काड्या मोजून पुढे केल्या, तर अडचण वजाबाकीत नाहीच, तिच्याखाली आहे. त्याच्या लेखी ५२ मधला पाच म्हणजे पाचच. अशा मुलाला उसने घेण्याची रीत कितीही वेळा सांगितली तरी ती हवेत राहते.

तू लिहितेस, तीनदा समजावलं. या वेळी त्याला समजावू दे. "मोठ्याने बोलत बोलत सोडव" म्हण आणि त्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहून घे. मध्ये शांतता पडली तर ती पडू दे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांमधली बोलणी ध्वनिमुद्रित करून तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात, असं तिला आढळलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. वर्गात उभं राहून थांबून बघ, किती लांब असतात ते कळेल.

आता मला सांग, हे जे तू करणार आहेस ते प्राथमिकचं काम झालं की विशेषचं?

मला ही विभागणी पटत नाही, आणि इतिहासही माझ्या बाजूने आहे. १८००च्या सुमारास फ्रान्समधल्या आवेरोंच्या रानात एक न बोलणारा मुलगा सापडला. झाँ इतार या तरुण डॉक्टरने त्याला शिकवण्यासाठी वर्षं घातली. चित्र आणि वस्तू यांच्या जोड्या लावणं, कापलेली अक्षरं हाताळणं असे उपाय त्याला या मुलासाठी शोधावे लागले. त्याचा शिष्य सेगँ याने बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी ते काम वाढवलं. पुढे रोममध्ये मारिया माँटेसरीने दोघांचं लेखन वाचलं आणि तसल्याच मुलांना शिकवलं. त्यातली काही मुलं सर्वसाधारण मुलांच्या वाचन-लेखनाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोक कौतुक करत होते, तेव्हा बाईंना वेगळाच प्रश्न पडला : ही मुलं इथवर येतात, तर धडधाकट मुलं शाळेत इतकी मागे का राहतात? १९०७ साली त्यांनी रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिलं बालघर काढलं आणि तीच पद्धत सगळ्यांसाठी वापरली. बालवाडीत मुलं खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवतात, ती अक्षरं या वाटेने आली आहेत. दुपारच्या तासाला जे शिकतेस त्यातूनच सकाळच्या तासाचं बरंच काही जन्मलं आहे.

मी आधी प्राथमिकला होते, विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण नंतर घेतलं. माझ्या पहिलीच्या वर्गात एक मुलगी होती. मूळाक्षरं सगळी यायची, 'काम', 'नाक' घडाघडा वाचायची, पण 'किती' म्हटलं की गाडी थांबली. मला वाटायचं, वेलांटी पाठ नाही. वेलांटी तिला पाठ होती! अडत होतं ते क्रमात. पहिली वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते आणि तोंडाने मात्र नंतर म्हणायची असते. डावीकडून उजवीकडे नेमाने वाचणाऱ्या मुलाला हे कोडंच आहे. 'कि' सुटा न करता एकाच पत्त्यावर एका रंगात लिहून द्यायला लागले, तेव्हा ती वाचू लागली. ते पत्ते मी सगळ्या वर्गासमोर ठेवले आणि ज्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती अशी चार मुलंही त्यांवर झडप घालू लागली. त्यांचंही तिथेच अडत होतं, फक्त ती शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघून निभावून नेत होती.

म्हणून दोन्ही विषय वेगळ्या वह्यांत ठेवू नकोस. गणित अध्यापनात 'उसने घेऊन वजाबाकी' शिकलीस की त्याच पानावर लिही, यातली कोणती पायरी कोणाला जड जाईल : ज्याच्या लक्षात दोन सूचना एकदम राहत नाहीत त्याला, ज्याला पेन्सिल नीट धरता येत नाही त्याला, ज्याला फळ्यावरचं दिसत नाही त्याला. टाचण आपोआप बदलेल.

निरीक्षणाच्या वहीबद्दल मी फार आग्रही आहे. "लक्ष देत नाही", "मस्ती करतो" असं लिहिलंस तर त्यातून तुझं मत कळतं, मूल कळत नाही. असं लिही : लेखन सुरू झालं, पेन्सिल फेकली, बाईंनी दाराबाहेर उभं केलं, लेखन टळलं. आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. आठवडाभर अशा ओळी लिहिल्यास तर शिक्षा म्हणून जे करतोय तेच त्याचं बक्षीस ठरतंय, हे कदाचित दिसेल. आयईपीतल्या, म्हणजे एकेका मुलासाठी आखलेल्या वैयक्तिक शिक्षण योजनेतल्या, उद्दिष्टांनाही हाच नियम. "वाचनात सुधारणा होईल" यावर कोणाला काहीच तपासता येत नाही. "ओळखीच्या दहा दोन-अक्षरी शब्दांपैकी आठ मदतीशिवाय वाचेल" हे तुलाही तपासता येतं, त्याच्या आईलाही.

राहिली वर्गशिक्षिकेची गोष्ट. त्यांच्याशी वाद घालू नकोस. भरलेल्या वर्गात एकटीने उभं राहणं काय असतं ते त्या जाणतात. काड्या, त्याच्या तोंडची वाक्यं, वहीतली तीन गणितं त्यांच्यासमोर ठेव. मुलाचे कान आणि डोळे तपासले आहेत का, हेही विचार. कितीतरी वेळा एवढी साधी गोष्ट राहून गेलेली असते. त्यानंतरही त्याला जादा मदत लागली तर जरूर मागावी. पण ती मदत त्याच्यापर्यंत यायला हवी, त्याला वर्गातून उचलून नेण्यासाठी नको. १९९४ साली स्पेनमधल्या सालामांका इथे ९२ सरकारांचे प्रतिनिधी जमले आणि सर्व मुलांना सामावून घेणाऱ्या सर्वसाधारण शाळा हाच मार्ग त्यांनी मान्य केला. अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या करारातही चोविसावं कलम शिक्षणाचं आहे. हे परीक्षेसाठी पाठ करशीलच. त्या मुलाच्या बाकाजवळ बसून पुन्हा वाच.

प्रश्न : माझा मुलगा स्वमग्न (ऑटिझम असलेला) आहे. त्याच्यामुळेच मी वयाच्या अडतिसाव्या वर्षी विशेष शिक्षिका व्हायचं ठरवलं. त्याला शर्ट घालायला शिकवताना सगळी बटणं मी लावायचे आणि शेवटचं त्याला लावू द्यायचे, मग शेवटची दोन, मग तीन. असं करत शिकला. पण प्रवेशाच्या वेळी मला विचारलं गेलं, "तुम्ही भावनेच्या भरात तर येत नाही ना?" तेव्हापासून मन खचलं आहे.
– एक आई

उत्तर : तुम्ही अवश्य या. शर्टाबाबत तुम्ही जे केलंत ते आमच्या पुस्तकांत पद्धत म्हणून आहे. कामाच्या पायऱ्या पाडायच्या आणि शेवटच्या पायरीपासून मुलाच्या हाती द्यायच्या, म्हणजे प्रत्येक वेळी काम पुरं झाल्याचा आनंद त्याला मिळतो. तुम्ही हे मुलाकडे बघून शोधलंत. अशा नजरेची माणसं या क्षेत्राला हवी आहेत.

आईवडिलांच्या भावनेवर संशय घेणं या क्षेत्राला नवीन नाही, आणि त्याने फार दुखावलं आहे लोकांना. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचं वर्णन करून स्वमग्नतेला स्वतंत्र ओळख दिली. नंतरच्या काळात आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, असं तज्ज्ञ सांगत राहिले. किती आयांनी ते ऐकून घेतलं असेल! त्या समजुतीला १९६४ साली ठोस उत्तर दिलं ते बर्नार्ड रिमलँड यांनी. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वमग्न मुलाचे वडीलही. दोष आईच्या मायेत शोधू नका, कारण जैविक आहे, अशी बाजू त्यांनी पुराव्यांनिशी मांडली. बाप असल्यामुळे त्यांचा अभ्यास कच्चा ठरला नाही.

एक गोष्ट मात्र सांभाळा. तुम्ही एका मुलाला पुरतं ओळखता. दुसऱ्या स्वमग्न मुलाला कदाचित स्पर्श आवडेल, तुमच्या मुलाला नकोसा वाटत असला तरी. याला चित्रांचं वेळापत्रक लागेल, त्याला लागणार नाही. आणि दुसऱ्या आईशी पहिल्यांदा बोलाल तेव्हा स्वतःची कहाणी सांगू नका, तिची ऐका. "मला कळतं तुमचं" हे वाक्य फार लवकर आलं तर समोरची बाई बोलायची थांबते. तिला विचारा, घरी कोणती वेळ सर्वांत कठीण जाते? काम तिथून सुरू करा. तुमची गोष्ट तिने विचारली तर सांगालच.

प्रश्न : अभ्यासक्रमात ब्रेल आणि खुणांची भाषा दोन्ही आहेत. मला अशी मुलं शिकवायला मिळतीलच असं नाही. परीक्षेपुरतं केलं तर चालेल का?
– एक विद्यार्थी

उत्तर : नाही चालणार. ज्या दिवशी असं मूल वर्गात येईल, त्या दिवशी शिकायला सुरुवात करणार असशील तर त्याचं वर्ष वाया जाईल.

लुई ब्रेल यांची दृष्टी लहानपणी अपघाताने गेली. १८२४ साली, पंधराव्या वर्षी त्यांनी सहा ठिपक्यांची लिपी सिद्ध केली. सहा ठिपक्यांतून त्रेसष्ट चिन्हं होतात आणि प्रत्येक चिन्ह बोटाच्या टोकाखाली मावतं. डोळसांची अक्षरं उठावदार करून आंधळ्यांना देण्याचे प्रयत्न आधी झाले होते. ती बोटाला सावकाश, चाचपडत वाचावी लागत. ज्याला वाचायचं होतं त्याने स्वतः लिपी केली, म्हणून ती टिकली.

खुणांच्या भाषेचं उलट झालं. १८८० साली मिलानला शिक्षकांची परिषद भरली आणि कर्णबधिर मुलांना तोंडी बोलण्यातूनच शिकवावं असा ठराव झाला. ठराव करणाऱ्यांत कर्णबधिर जवळजवळ नव्हतेच. पुढे अनेक देशांच्या शाळांतून खुणा हद्दपार झाल्या, कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. विल्यम स्टोको यांनी १९६० साली अमेरिकेतल्या खुणांच्या भाषेला स्वतःची घडण आहे हे दाखवून दिलं. मिलानचे ठराव त्याच परिषदेने नाकारले ते २०१० साली, व्हँकूवरला. तोवर किती पिढ्या हात बांधून वर्गात बसल्या! हे वाचून मला अजून राग येतो.

तर ब्रेल पाटी आणि स्टायलस (ठिपके टोचायची टोचणी) घे आणि स्वतःच्या टाचणातली एक ओळ रोज लिही. कागद उलटून वाचायचा असल्यामुळे टोचताना उजवीकडून डावीकडे जावं लागतं. पहिले काही दिवस बोटं आणि डोकं यांचं जमत नाही, मग बसतं. खुणा मात्र पुस्तकातल्या चित्रांवरून शिकू नकोस, त्यात चेहऱ्यावरचे भाव आणि हाताची गती हरवते. कर्णबधिर माणसाकडून शीक आणि त्याच्याशी गप्पा मारत शीक.