वाचकांचे प्रश्न: ग्रँटचा पैसा कुठल्या खिशातून येतो ते आधी बघा

ह्या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे एकाच विषयाभोवती होते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे सगळे ज्याला यूसी म्हणतात ती, आपल्याच लोकांना संशोधनासाठी स्वतःच्या तिजोरीतून पैसे देते ते कसं आणि कोणाला. म्हणून अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. यूसी म्हणजे एक कॉलेज नाही, बर्कली, डेव्हिस, अर्व्हाइन, लॉस एंजेलिस, मर्सेड, रिव्हरसाइड, सॅन डिएगो, सॅन फ्रान्सिस्को, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ असे १० कॅम्पस आणि सगळ्यांच्या वर ओकलंडला यूसीच्या प्रेसिडेंटचं ऑफिस. काही पैसा ओकलंडहून सुटतो, काही कॅम्पसवरच असतो, आणि लोक हे दोन्ही पैसे एकत्र करून टाकतात तिथूनच निम्मे गोंधळ सुरू होतात.

प्रश्न: माझी मुलगी रिव्हरसाइडला पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या गाईडचं केंद्र सरकारचं ग्रँट मध्येच थांबलं. युनिव्हर्सिटी स्वतःच्या पैशातून तिचं काम चालू ठेवेल का? आम्ही फार काळजीत आहोत. (एक आई, नाशिक)

ताई, तुमची काळजी अगदी खरी आहे, २०२५ हे वर्ष तिथल्या लॅबवाल्यांना फार जड गेलं. फेब्रुवारीत एनआयएचने, म्हणजे आरोग्याच्या संशोधनाला पैसे देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, जाहीर केलं की ग्रँटवरचा ओव्हरहेड, म्हणजे इमारत, वीज, ऑफिस अशा खर्चासाठी युनिव्हर्सिटीला मिळणारा वरचा पैसा, सरसकट १५ टक्केच देणार, ते कोर्टाने अडवलं. मग उन्हाळ्यात एकट्या यूसीएलएची, म्हणजे लॉस एंजेलिस कॅम्पसची, जवळपास ५८ कोटी डॉलरची ग्रँट्स थांबवली गेली आणि कोर्टाच्या आदेशाने त्यातली बरीच परत सुरू झाली. हे आकडे सांगायचं कारण असं की ह्या मापाचं भगदाड आतल्या पैशातून बुजत नाही, युनिव्हर्सिटीला मनापासून वाटलं तरी नाही. आतला पैसा काही महिने ढकलायला असतो, त्याला तिकडे ब्रिज फंडिंग म्हणतात, आणि तो मुलीने नाही तर तिच्या गाईडने डिपार्टमेंटकडे किंवा डीनकडे मागायचा असतो.

पण मुलीचा पगार आणि गाईडचं ग्रँट ह्या दोन गोष्टी एकच नाहीत. ती रिसर्च असिस्टंट म्हणून ग्रँटवर असेल तर तिला टीचिंग असिस्टंटशिप मिळू शकते, तो पैसा शिकवण्याच्या बजेटमधून येतो, त्याचा एनआयएचशी संबंध नाही. म्हणून तिने ह्याच आठवड्यात डिपार्टमेंटच्या ग्रॅज्युएट ॲडव्हायजरला भेटून पुढच्या क्वार्टरला टीए मिळेल का हे विचारावं आणि उत्तर ईमेलवर घ्यावं. शेवटच्या वर्षासाठी कॅम्पसच्या डिझर्टेशन फेलोशिप असतात, तिला अजून वेळ आहे पण तारखा आत्ताच लिहून ठेवायला सांगा. टीए केल्याने संशोधन थोडं मागे पडतं हे खरं आहे, पण थांबत नाही.

प्रश्न: मी मर्सेडला नवीन असिस्टंट प्रोफेसर आहे. सगळे सांगतात एमआरपीआयला अप्लाय कर. हे नक्की काय आहे आणि माझ्यासारख्या नव्या माणसाला मिळतं का?

एमआरपीआय म्हणजे मल्टिकॅम्पस रिसर्च प्रोग्रॅम्स अँड इनिशिएटिव्ह्ज, नावातच सगळं आलं, एका कॅम्पसच्या कामाला हा पैसा नाहीच. आधी यूसीमध्ये मल्टिकॅम्पस रिसर्च युनिट्स होती, त्यांना वर्षानुवर्षं ठरलेले पैसे जायचे, म्हणजे जे आत होते ते आत आणि बाहेरचे बाहेरच. २००९ मध्ये तो पैसा स्पर्धेला खुला केला आणि जुन्या युनिट्सनाही नव्या लोकांच्या रांगेत उभं राहून प्रपोजल लिहावं लागलं. तेव्हा पुष्कळ लोक दुखावले, पण मला तो निर्णय बरोबरच वाटतो, कारण मर्सेडसारखा २००५ ला उघडलेला कॅम्पस जुन्या व्यवस्थेत कधी आत शिरलाच नसता.

काम कसं चालतं तर ओकलंडहून घोषणा निघते, त्यात किती कॅम्पस हवेत, किती वर्षांसाठी, किती पैसे हे सगळं दिलेलं असतं, आणि ते प्रत्येक वेळी नव्याने वाचायचं, मागच्या घोषणेवर विसंबून राहायचं नाही. आधी लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे अर्ज करणार असल्याचं पत्र, ते दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग पूर्ण प्रपोजल. तपासणारे यूसीच्या बाहेरचे असतात, नाहीतर १० कॅम्पसमध्ये कोणी ना कोणी कोणाचा विद्यार्थी किंवा जुना सहकारी निघणारच. मोठं अवॉर्ड आणि छोटं प्लॅनिंगचं किंवा पायलटचं अवॉर्ड असे प्रकार असतात, नव्या माणसाने छोट्यापासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्यात आधीपासून एकत्र काम केलेली टीम आहे का हे बघतात आणि तुमची ती अजून बनायची आहे.

आता जे लोक चुकवतात ते सांगते. मी रिसर्च ऑफिसच्या कामात बरीच प्रपोजलं वाचलीयेत, आणि पडलेल्या प्रपोजलांत बहुतेक वेळा विज्ञान चांगलंच असतं, फक्त ते ह्या पैशासाठी लिहिलेलंच नसतं. एनएसएफने, म्हणजे विज्ञानाच्या संशोधनाला पैसे देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, नाकारलेलं प्रपोजल उचलून दोन कॅम्पसचे मित्र वर चिकटवले तर तपासणाऱ्याला पहिल्या पानातच कळतं. ह्या पैशाचा मालक कोण, तर अख्खी यूसी. म्हणून त्याला तीन गोष्टी दिसायला हव्यात. हे काम एका कॅम्पसला का जमणार नाही, ह्यातून विद्यार्थी आणि पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर संशोधन करणारे, काय शिकतील, आणि कॅलिफोर्नियाला काय मिळेल. तुम्ही सेंट्रल व्हॅलीत आहात, धूळ, पाणी, शेतमजुरांचं आरोग्य हे तुमच्या दारात आहे आणि मोठ्या कॅम्पसना ते तुमच्याशिवाय मिळत नाही, तर तिथे लाजू नका, तुम्ही टीमच्या शेवटी नाव असलेला पाहुणा म्हणून जायचं नाहीये.

बजेटबद्दल दोन गोष्टी. ह्या आतल्या पैशावर ओव्हरहेड लागत नाही, म्हणजे मिळेल तो पैसा जवळपास सगळा कामावरच खर्च होतो, बाहेरच्या ग्रँटच्या सवयीने हिशोब केलात तर आकडे चुकतील. आणि १० कॅम्पस कायद्याने एकच संस्था, रीजंट्स ऑफ द युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, त्यामुळे दुसऱ्या कॅम्पसला पैसे द्यायला बाहेरच्या संस्थेसारखं सबकाँट्रॅक्ट लागत नाही, आतल्या आत हस्तांतरण होतं. तरी प्रत्येक कॅम्पसच्या ग्रँट ऑफिसची मंजुरी लागतेच आणि तीन ऑफिसांच्या तीन आतल्या डेडलाईन असतात, सगळ्यात आधीची जी असेल तीच तुमची डेडलाईन धरा.

कोणी प्रेसिडेंट्स कॅटलिस्ट अवॉर्डचं नाव घेईल. ते जॅनेट नॅपोलिटानो प्रेसिडेंट असताना २०१४ च्या शेवटी जाहीर झालं होतं, ३ वर्षांत १ कोटी डॉलर. अशा योजना त्या त्या प्रेसिडेंटबरोबर येतात, म्हणून जुनी माहिती बघून बसू नका, चालू घोषणाच बघा.

प्रश्न: सॅन फ्रान्सिस्कोला पोस्टडॉक आहे. मला स्वतःच्या नावावर छोटं ग्रँट हवंय, पण सगळीकडे पीआय फॅकल्टीच हवा म्हणतात.

बहुतेक ठिकाणी तसंच आहे, पोस्टडॉकला पीआय म्हणजे प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर, प्रोजेक्टचा मुख्य संशोधक, व्हायची परवानगी सहसा नसते, खास मंजुरी घ्यावी लागते. पण तुमच्या कॅम्पसवर रॅप म्हणजे रिसोर्स ॲलोकेशन प्रोग्रॅम आहे, वर्षातून दोनदा, स्प्रिंग आणि फॉल, आणि कॅम्पसवरचे वेगवेगळे पैसे देणारे तिथे एकत्र येतात. प्रत्येक ग्रँटची पात्रता वेगळी असते, ती एकेक करून वाचा, एकात बसला नाहीत म्हणून सगळं बंद करू नका. आणि कुठेच जमत नसेल तर गाईडला पीआय करून प्रपोजल तुम्ही लिहा, पण कामातला कुठला भाग तुमचा आणि पुढे जाताना तुम्ही तो नेणार का हे लिहिण्याआधीच त्यांच्याशी बोलून घ्या. हे बोलायला संकोच वाटतो मला माहितीये, नंतर बोलायला त्याहून जास्त वाटतो.

प्रश्न: लॅब फीज नावाची फेलोशिप आहे म्हणे. पण तो अणुबॉम्बच्या लॅबचा पैसा ना? आणि भारतीय पासपोर्टवर मिळते का? (पीएचडी विद्यार्थी, सँटा बार्बरा)

लॉस अलामोस, म्हणजे पहिला अणुबॉम्ब बनवणारी लॅब, १९४३ पासून यूसीशी जोडलेली आहे, हे खरं. आज लॉस अलामोस २०१८ पासून ट्रायड नावाची कंपनी चालवते आणि लिव्हरमोर ही अण्वस्त्रांची दुसरी लॅब २००७ पासून दुसरी एक, दोन्हींत यूसी भागीदार आहे. लॅब चालवल्याबद्दल केंद्र सरकार फी देतं, त्यातल्या यूसीच्या वाट्याचा काही भाग परत संशोधनाला जातो, तोच लॅब फीज रिसर्च प्रोग्रॅम. त्यातून कॅम्पस आणि लॅब मिळून करायची मोठी कामं होतात, आणि विद्यार्थ्यांसाठी इन-रेसिडेन्स फेलोशिप आहे, म्हणजे प्रबंधाचं काम लॅबमध्ये राहून करायचं.

तुम्हाला त्या इतिहासाचा त्रास होत असेल तर अप्लाय न करणं हा पूर्ण प्रामाणिक निर्णय आहे, कोणी तुम्हाला भाबडं म्हणू नये. मला स्वतःला वाटतं की ती फी युनिव्हर्सिटीच्या जनरल खर्चात विरघळण्यापेक्षा विद्यार्थ्यांच्या प्रबंधावर जाते हे चांगलं आहे, तिथे मटेरियल्सवर, हवामानावर, प्लाझ्मावर उघडपणे छापलं जाणारं भरपूर काम होतं. पासपोर्टचं म्हणाल तर परदेशी नागरिकाला लॅबमध्ये शिरायला वेगळी मंजुरी लागते आणि त्याला वेळ लागतो, काही विषयांत ती मिळतच नाही. म्हणून फॉर्म भरण्याआधी लॅबमधला होणारा मेंटॉर पकडा आणि त्यालाच सरळ विचारा की ह्या प्रोजेक्टवर परदेशी विद्यार्थी चालतो का. त्याचं उत्तर गोलगोल आलं तर दुसरा प्रोजेक्ट शोधा.

प्रश्न: मी यूसीत नाही, कॅल स्टेटला, म्हणजे कॅलिफोर्निया राज्याच्या दुसऱ्या सरकारी युनिव्हर्सिटीत, शिकवते. दक्षिण आशियाई घरांतल्या गुटखा-तंबाखूवर काम करायचंय. यूसीचं तंबाखूचं ग्रँट मला मिळेल का, की ते फक्त आतल्यांसाठी आहे?

मिळू शकतं, आणि हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत, कारण हाच गैरसमज सगळ्यात जास्त आहे. टीआरडीआरपी म्हणजे तंबाखूजन्य रोगांच्या संशोधनाचा प्रोग्रॅम, तो यूसीच्या प्रेसिडेंटचं ऑफिस चालवतं, पण पैसा यूसीचा नाही, राज्याच्या जनतेचा आहे. १९८८ मध्ये मतदारांनी प्रपोझिशन ९९ मंजूर करून सिगारेटच्या पाकिटावर २५ सेंट कर लावला त्यातून तो सुरू झाला, मग २०१६ ला प्रपोझिशन ५६ ने पाकिटामागे आणखी २ डॉलर वाढवले त्यातलाही वाटा येतो. म्हणून कॅलिफोर्नियातल्या इतर विना-नफा संस्थाही अर्ज करू शकतात, तुमची कॅल स्टेट त्यात आलीच. ब्रेस्ट कॅन्सरचा १९९३ चा प्रोग्रॅम आणि एचआयव्हीचा १९८३ चा, हेही त्याच ऑफिसातून चालतात. एक अडचण अशी की लोक सिगारेट सोडतात तसा कर कमी येतो, म्हणजे कामाला यश आलं की पैसा आटतो, त्यामुळे प्रत्येक घोषणेत रक्कम आणि प्राधान्य बदललेलं असू शकतं.

तुमचा विषय मला मनापासून आवडला. गुटखा, मावा, मिश्री हे शब्द प्रश्नावलीत नसतील तर आपली माणसं “तंबाखू खाता का” ला नाही म्हणतात आणि तो आकडाच चुकीचा येतो. हे प्रपोजलच्या पहिल्या पानावर लिहा. सुरुवातीच्या थोड्या डेटासाठी कॅल स्टेटचं स्वतःचं आरएससीए नावाचं संशोधनाचं ग्रँट असतं, ते आधी घ्या, छोटं असतं पण वीस-तीस मुलाखती होतात.

प्रश्न: कोल्हापूरच्या कॉलेजात प्राध्यापक आहे. डेव्हिसच्या एका प्रोफेसरांबरोबर ऊसाच्या रोगावर काम सुरू करायचंय. त्यांच्या आतल्या ग्रँटमधून मला पैसे मिळतील का?

सर, स्पष्ट सांगते, बहुतेक नाही. आतला पैसा यूसीच्या माणसांसाठी, परदेशातल्या लॅबला तो सहसा पाठवता येत नाही. तुमचं नाव कोलॅबोरेटर म्हणून येऊ शकतं, त्यासाठी ते तुमच्याकडून पत्र मागतील, त्यात तुमच्याकडे काय आहे ते नेमकं लिहा, कुठल्या तालुक्यातले किती प्लॉट, किती वर्षांच्या नोंदी. पत्रावर प्राचार्यांची सही घ्या, आणि रोगाचे नमुने परदेशी पाठवायचे असतील तर परवानग्यांची चौकशी आधी करा, त्यातच सगळ्यात जास्त वेळ जातो. तुमच्या बाजूचा खर्च तुमच्या विद्यापीठाच्या योजनेतून किंवा एएनआरएफकडून, म्हणजे भारत सरकारच्या संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थेकडून, मागा. आणि सहा-आठ महिने तिथे जाऊन काम करायचं असेल तर फुलब्राइट-नेहरू फेलोशिप बघा, तिला तिथल्या प्रोफेसरचं निमंत्रण पत्र जोडता येतं, ते तर तुम्हाला आजच मिळेल.