वाचक विचारतात : दोन तारे, वर्ग एकच

प्रश्न : मृग नक्षत्रातला काक्षी 'एम' वर्गाचा आणि लालांद 21185 हाही 'एम'च. काक्षी शेकडो प्रकाशवर्षं दूर असून गच्चीवरून लखलखतो, दुसरा जेमतेम सव्वाआठ प्रकाशवर्षांवर असून दिसतच नाही. हे कसं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : प्रश्न आवडला. वर्गात फळ्यावर ओ-बी-ए-एफ-जी-के-एम लिहिलं की मुलं पाठ करायची आणि विषय संपायचा! ती अक्षरं फक्त ताऱ्याच्या पृष्ठभागाचं तापमान सांगतात, 'ओ' सर्वांत तप्त, 'एम' सर्वांत थंड. हे दोन्ही तारे साधारण साडेतीन हजार केल्विनचे, म्हणून 'एम'. प्रकाश मात्र आकारावरही ठरतो. काक्षी सूर्याच्या शेकडो पट रुंद, लालांद सूर्याच्या निम्म्याहूनही लहान.

आता खरी गंमत. अंतर माहीत नसलं तरी नुसत्या वर्णपटावरून, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यावरून आणि त्यातल्या काळ्या रेषांवरून, हा फरक कळतो. लहान ताऱ्याचं वातावरण दाट असतं. गड्ड्याच्या यात्रेतल्या गर्दीसारखे तिथे अणू एकमेकांना सतत धक्के देतात आणि वर्णपटातल्या बऱ्याच रेषा रुंदावतात. काक्षीसारख्या महाराक्षसी, म्हणजे अवाढव्य ताऱ्याचं वातावरण विरळ, रेषा बारीक. खगोलशास्त्रज्ञ अँटोनिया मॉरी यांनी 1897 मध्येच हा बारकावा नोंदवला होता. त्या काम करत त्या हार्वर्ड वेधशाळेत तेव्हा त्याची कदर झाली नाही, याचा मला अजून राग येतो. 1943 मध्ये मॉर्गन, कीनन आणि केलमन यांनी तापमानाच्या अक्षराला ताऱ्याचं तेज सांगणाऱ्या रोमन आकड्याची जोड दिली : पहिला वर्ग महाराक्षसी, पाचवा सूर्यासारख्या सामान्य ताऱ्यांचा. काक्षी पहिल्यात, लालांद पाचव्यात.

संक्रांतीच्या सुमारास रात्री मृगातलाच निळसर तारा राजन्यही पाहा. तो 'बी' वर्गाचा, पण तोही पहिल्यातलाच.