आधी ऊन, मग पान

थंडी सुरू झाली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत एक वाक्य हमखास असतं: ‘डॉक्टर, आमचं कासव जेवत नाही.’ या वेळची पाच पत्रं पाच गावांची आहेत. एक सोडलं, तर सगळ्यांचं मूळ ऊब हेच आहे.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. मुलीचं चार वर्षांचं हर्मन कासव आहे. नोव्हेंबरपासून पानांना तोंड लावत नाही. घरात हीटिंग असतं, 21 अंश. दुपारी खिडकीशी उन्हातही ठेवतो. मग बिघडतंय कुठे?

21 अंशांत तुम्ही-आम्ही सुखात राहतो, कारण आपली ऊब आपल्या अंगातच तयार होते. कासवाला ती बाहेरून घ्यावी लागते. अंग पुरेसं तापलं नाही तर त्याचं आतडं मंदावतं, पोटातला पाला तसाच पडून राहतो आणि भूक मरते. हर्मन कासव मूळचं दक्षिण युरोपातलं. सकाळी उन्हात पसरून अंग तापवायचं, मगच चरायला निघायचं, हा त्याचा नेम.

म्हणून कासव ज्या उघड्या खोक्यात ठेवता, त्याच्या एका टोकाला शेकायची जागा करा. वर दिवा टांगा आणि खाली, कासवाच्या पाठीच्या उंचीवर, 32 ते 35 अंश भरतात का ते मोजा. भिंतीवरच्या थर्मामीटरवर भिस्त ठेवू नका, मोजमाप कवचाच्या उंचीवरच हवं. दुसरं टोक 20-22 अंशांवर राहू द्या, म्हणजे नकोसं झालं की त्याला सरकता येईल. सगळा खोका सारखाच तापवणं मला अजिबात पसंत नाही, त्यात ते भाजून निघतं. तळाशी ठेवायचे तापणारे दगडही नकोत. पोटाला चटका बसला तरी कासव लवकर हलत नाही.

खिडकीतल्या उन्हाने ऊब मिळते, पण काचेतून उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण जवळजवळ येतच नाहीत. ते नसतील तर ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. त्यासाठी यूव्हीबीचा दिवा वेगळा लावा, रोज दहा-बारा तास. तो उजळ दिसत असला तरी किरण कमी होत जातात, म्हणून बनवणाऱ्याने दिलेल्या मुदतीनुसार बदला. सहसा ती सहा ते बारा महिन्यांची असते.

आणि वेळ पाळा. सकाळी आठला दिवे लावले तर पानं नऊनंतर ठेवा. थंड अंगाच्या कासवापुढे ठेवलेलं ताट सुकूनच जातं, मग आपल्याला वाटतं त्याला आवडलं नाही. पानं रानटी हवीत: डँडेलियन, प्लँटेन नावाचं तण (केळं नव्हे). फळं नकोत. रात्री दिवे बंद, घर 15-18 अंशांवर उतरलं तरी निरोगी हर्मनला चालतं.

आठवडाभर हे नीट जमूनही ते खात नसेल, तर विष्ठा तपासून घ्या, जंत असू शकतात. नाकातून बुडबुडे येत असतील किंवा ते तोंड उघडून श्वास घेत असेल, तर आठवडाही थांबू नका.

प्रश्न : न्यू जर्सीत आमचं रशियन कासव तळघरात असतं. तिथे 13-14 अंश असतात. महिनाभर अर्धवट झोपेत आहे, मधूनच एखादं पान चावतं. शीतनिद्रा समजून राहू द्यावं का?

नाही, कृपया राहू देऊ नका. खरी शीतनिद्रा 3 ते 7 अंशांत होते, तिथे शरीराचा खर्च अगदी थोडा असतो. 14 अंशांत कासव धड झोपत नाही आणि धड जागंही राहत नाही. साठवलेली चरबी जळत राहते आणि खाल्लेलं पान पोटात कुजतं. शिवाय झोपवण्याआधी दोन-तीन आठवडे अन्न बंद करून, पण ऊब चालू ठेवून, पोट रिकामं करावं लागतं. ते तुमच्याकडे झालेलं नाही.

आजच वजन करून लिहून ठेवा, स्वयंपाकघरातला काटा पुरतो. त्याला वर खोलीत आणा. दुसऱ्या दिवशी दिवे चालू करा आणि रोज हनुवटीखाली राहील इतक्याच कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा. आधी पाणी, मग अन्न. तोंडात जबरदस्तीने काही कोंबू नका. वजन घटत असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : पुण्यात नातवाचं लाल कानाचं कासव मीच सांभाळते. डिसेंबरपासून दाणे खात नाही. रोज टँकमध्ये गरम पाणी ओतते, तरी तेच.

आजी, माया खरी आहे, पण गरम पाणी ओतणं थांबवा. घटकाभर ऊन आणि पुन्हा गार, या चढउताराने ते आणखी त्रासतं. पाणी सतत 24 ते 27 अंश हवं. त्यासाठी पाण्यात बुडणारा, आपोआप चालू-बंद होणारा हीटर घ्या, अंदाजे लिटरमागे एक वॉट. त्यावर जाळी हवी, नाहीतर कासव काच फोडेल. पाण्याबाहेर चढून पूर्ण कोरडं होता येईल असा ओटा आणि त्यावर दिवा, तिथे 30-32 अंश. डोळे सुजले असतील तर ऊब पुरणार नाही. नुसत्या सुक्या झिंग्यांवर वाढलेल्या कासवात अ जीवनसत्त्व कमी पडतं, त्याला डॉक्टरच हवेत. टँक स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. आणि सांभाळणं जड झालं तरी मुठा नदीत सोडू नका, हे अमेरिकेतलं कासव आपल्या नदीतल्या कासवांच्या जागा बळकावतं.

प्रश्न : दुबईत सुल्काटा या आफ्रिकी कासवाचं पिल्लू आहे. बाहेर ऊन असतं, तरी घरात जेवत नाही!

कारण ते तुमच्या एसीत राहतं. त्याला उबदार बाजू 35 ते 38 अंश हवी, रात्रीही 21 च्या खाली नको. रात्रीसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा. उन्हाळ्यात बाहेर फक्त पहाटे, सावली आणि पाणी असेल तिथेच. गवत आणि सुकं गवत हाच त्याचा मुख्य आहार.

प्रश्न : सांगलीत एकाने पिवळ्या चांदण्यांच्या नक्षीचं कासव भेट दिलं, घरात लक्ष्मी येते म्हणून. सुस्त आहे, बल्ब लावला तर खाईल का?

ते भारतीय तारा कासव आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते घरी पाळणं गुन्हा आहे. चोरट्या व्यापारामुळे 2019 साली त्याला साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात घातलं गेलं. ही भेट जंगलातून उचलून आणलेली असण्याचीच शक्यता जास्त आहे, म्हणून बल्बचा सल्ला मी देणार नाही. स्वतः शेतात नेऊन सोडूही नका. त्याचा मूळ प्रदेश कोणता हे कळलेलं नाही आणि ते आजारी असेल तर तिथल्या प्राण्यांनाही लागण होईल. हवा खेळणाऱ्या कोरड्या खोक्यात सावलीत ठेवा आणि आजच वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.