परदेशात रूममेट्ससोबत एखाद्या विचित्र घरात राहिला आहात का? आठवणी सांगा ना!

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरमध्ये यूकेला मास्टर्सला चाललाय, एकीकडे नवाकोरा स्टुडिओ आणि दुसरीकडे अनोळखी लोकांबरोबर जुनं घर असं डोक्यात चाललंय, आणि अशा घराचा कोणाला अनुभव आहे का. आहे की! मी उत्तर इंग्लंडमधल्या लीड्सला होते, हाइड पार्क भागात (लंडनमधलं नाही हो, पण नाव ऐकून माझ्या मामाने अख्ख्या नातेवाइकांत भाची लंडनला राहते म्हणून सांगून टाकलं होतं, आम्ही कोणी दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही).

तर घर. लीड्समध्ये जुन्या विटांच्या बॅक-टू-बॅक घरांच्या गल्ल्याच्या गल्ल्या आहेत. म्हणजे काय तर मागची भिंत दोन घरांत मिळून एकच, तुमच्या पाठीला मागच्या गल्लीतलं घर चिकटलेलं. मागे दार नाही, खिडकी नाही, अंगण नाही, जे काय ऊन-वारा यायचं ते पुढूनच. कामगारांसाठी बांधलेली ही घरं. हवा खेळत नाही म्हणून १९०९ साली अशी नवीन घरं बांधायला कायद्याने बंदी आली तरी लीड्सवाले पार १९३७ पर्यंत बांधतच राहिले. हे कळलं तेव्हा मला एकदम घरच्यासारखं वाटलं. कपडे वाळत घालायला मागे जागाच नाही ना, त्यामुळे काही गल्ल्यांत दोऱ्या थेट रस्त्यावर आडव्या, या घरापासून समोरच्या घरापर्यंत, आणि लोकांच्या चादरी भर रस्त्यात फडफडतायत.

आमचं घर चार मजली म्हणायचं, पण प्रत्येक मजल्यावर जेमतेम एक-दोन खोल्या, म्हणजे घर कमी आणि जिना जास्त. सगळ्यात वर माळ्यावर नागपूरचा एक मुलगा, सहा फुटाच्या वरचा, आणि नेमकं त्यालाच उतरतं छप्पर आलेलं. त्याच्याखाली मी आणि एक ग्रीक मुलगी, मग एक यॉर्कशरचाच, म्हणजे तिथलाच स्थानिक पोरगा जो बर्फात हाफ पँट घालून फिरायचा, आणि नायजेरियातल्या लागोसहून पीएचडीला आलेले एक जण, त्यांना मी आणि नागपूरकर दादा म्हणायचो म्हणून मग सगळेच दादा म्हणायला लागले. बाथरूममध्ये कार्पेट. हो, बाथरूममध्ये! बेसिनला गरम पाण्याचा नळ वेगळा आणि गारचा वेगळा, मधलं कोमट असं काही नाहीच, एक हात भाजायचा आणि एक गारठायचा.

पण खरी मजा स्वयंपाकघरात. ते होतं तळघरात, आणि त्याची एकुलती एक खिडकी बरोबर फुटपाथच्या लेव्हलला, म्हणजे भांडी घासताना समोर फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसायचे. हळूहळू आम्ही लोकांना बुटांवरून ओळखायला लागलो. पिवळे गमबूट म्हणजे कोपऱ्यावरची आजी, आता दोन मिनिटांत तिचं कुत्रं खिडकीशी येऊन हुंगणार. घरमालकाचे टोकदार तपकिरी बूट दिसले की नागपूरकर पटकन चहा टाकायचा, कारण चहा हातात असला की तो माणूस भाडं वाढवायचा विषय काढायचा नाही असा त्याचा सिद्धांत होता. सिद्धांत चालला का, तर नाही, पण चहा झाला.

त्याच तळघरात विजेचं मीटर, तेही प्रीपेड. प्लास्टिकची एक चावी असते, ती कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन पैसे भरून आणायची आणि मीटरमध्ये खुपसायची, पैसे संपले की थोडी इमर्जन्सी क्रेडिट, म्हणजे उधारीची वीज, आणि तीही संपली की खटकन अंधार. डिसेंबरात तिकडे पावणेचारला सूर्य मावळतो, त्यामुळे हा खटका बसला की सगळं घर आपापल्या खोलीतून ओरडत, मोबाइलचे टॉर्च लावून जिना उतरत तळघरात जमा व्हायचं. मग चावी कोणाकडे आहे, मागच्या वेळी कोणी भरले, हीटर कोणाचा चालू होता, यावर खटला चालायचा, कोणीतरी कुरकुरत थंडीत दुकानात जायचं, आणि तो येईपर्यंत बाकीचे गॅसच्या उजेडात कायतरी खायला करायचे. लाइट आली तरी मग कोणी वर जायचं नाही. माझ्या वर्गातले जे चांगल्या एन-स्वीट, म्हणजे स्वतःचं बाथरूम असलेल्या रूममध्ये राहायचे ना, त्यांना वर्ष संपलं तरी शेजारच्या दारामागे कोण राहतं ते माहीत नव्हतं. आम्हाला एकमेकांच्या आयांची ऑपरेशनं माहीत होती.

फोडणीचं तर विचारूच नका. मोहरी तडतडली की स्मोक अलार्म बोंबलायचा, म्हणून फोडणी ही दोन माणसांची कामगिरी, एकाने कढईत बघायचं आणि दुसऱ्याने अलार्मखाली उभं राहून टॉवेल हलवायचा. यॉर्कशरच्या पोराला कुकरची भयंकर भीती, पहिल्या शिट्टीला बाहेर पळायचा. काही महिन्यांनी तोच वरच्या मजल्यावरून ओरडून सांगायला लागला, तीन झाल्या, बंद कर!

भाजीला आम्ही शनिवारी कर्कगेट मार्केटला जायचो. १८८४ साली मार्क्स अँड स्पेन्सरची सुरुवात याच बाजारातल्या एका स्टॉलवरून झाली, प्रत्येक वस्तू एक पेनी. आपली पुण्याची मंडई १८८६ ची, म्हणजे तशी बरोबरीचीच, आणि आवाज पण तसाच. बाजार उठायच्या वेळेला गेलं की पाउंडाला वाडगाभर भाजी, मग ग्रीक बाईने उत्साहात घेतलेली ढीगभर वांगी चार दिवस. तिचं म्हणणं वांग्यात भरपूर ऑलिव्ह ऑइल पाहिजे, नागपूरकराचं म्हणणं भरपूर तिखट पाहिजे, मी कोकणस्थ, मला चमचाभर गूळ घालायचा होता आणि दोघांनी मिळून मला वीटो केलं.

समोर एक म्हातारेबुवा राहायचे, आम्ही भारतातले कळल्यापासून दिसले की सचिनच. १९९२ ला सचिन यॉर्कशरकडून खेळला, त्या कौंटीचा पहिला परदेशी खेळाडू, तोपर्यंत यॉर्कशरमध्ये जन्मलेलाच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. हेडिंग्लीचं ग्राउंड आमच्यापासून चालत जाण्यासारखं, त्यामुळे आजोबांकडे त्या सीझनचे किस्से भरपूर, थोडे पदरचे घातलेले असणार पण ऐकायला काय जातं.

आणि मागच्या भिंतीपलीकडचा ट्रोम्बोनवाला! ट्रोम्बोन म्हणजे तोंडाने फुंकून वाजवायचं मोठं पितळी वाद्य, रोज संध्याकाळी भिंतीतून त्याचा आवाज यायचा. माझी आजी सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहायची त्यामुळे भिंतीपलीकडचं ऐकू येणं मला काही नवीन नाही, पण वाड्यात निदान शेजारी दिसतो, इथे त्याचं दार दुसऱ्याच रस्त्यावर. गणपतीत दादांना थाळी वाजवायला दिली होती, आम्ही दोघं आरती म्हणतोय, बाकीचे टाळ्या वाजवतायत, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी भिंतीतून आमच्याच आरतीची चाल यायला लागली, जरा हळू, एक सूर चुकलेला, पण तीच. नागपूरकर प्रसादाची वाटी घेऊन अख्ख्या गल्लीला वळसा घालून गेला, आणि अंदाजाने वाजवलेलं पहिलं दार चुकीचं निघालं तर तिथल्या बाईनेच वाटी ठेवून घेतली, तिला शिरा आवडला म्हणे.

तर घ्या जुनं घर, फक्त सही करायच्या आधी मीटर प्रीपेड आहे का आणि मोल्ड (बुरशी हो) कुठल्या भिंतीला आहे ते बघून घ्या, सामान हलवून बघा, कपाटामागेच असतो. नागपूरकर आता वाकडला राहतो, हिंजवडीत नोकरी, महिन्या-दोन महिन्यांनी आमच्याकडे कर्वेनगरला जेवायला येतो आणि घर सोडताना मीटरमध्ये शेवटचे दहा पाउंड त्याने भरले होते, त्यातला माझा वाटा अजून बाकी आहे असं माझ्या नवऱ्याला दर वेळी सांगतो. मी देणार नाहीये. त्या आठवड्यात हीटर त्याचाच चालू होता.